छाप न घेणारा शाहीर

चहाचा ग्लास हातात आला की शाहीर तो लगेच तोंडाला लावत नसत. आधी माझ्या ग्लासाकडे बघायचे, मग ड्रमवाल्याच्या. मग "तुह्या दे," म्हणून माझा ग्लास घ्यायचे आणि स्वतःचा माझ्या हातात कोंबायचे. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या ग्लासात चहा जास्त आहे म्हणून. नंतर कळलं की त्यांना शेंदराची भीती. शेंदूर पोटात गेला की गाणाऱ्याचा गळा कायमचा बसतो, ही जुन्या गाणाऱ्यांची पक्की समजूत. समोरच्या पार्टीची माणसं पानातून, चहातून, अगदी प्रसादातूनही शेंदूर घालतात म्हणे.

"मग तो शेंदूर मी प्यायलेला चालतो का?" मी विचारलं.

"तुले कुठं गाणं म्हणाचं हाय?" शाहीर म्हणाले. "तू त नुसत्या तारा ओढते."

मी बास गिटार वाजवते. शाहिरांच्या हिशेबी ते तारा ओढणं. आमचा बँड चौघांचा. एक गिटारवाला, एक ड्रमवाला, मी, आणि सगळ्यांच्या पुढे डफ घेऊन उभे शाहीर. वाजवायचो ते मेटल, म्हणजे शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन करावा असला बाजा. आणि त्यावर शाहीर म्हणायचे खडी गंमतीची गाणी. ज्यांना खडी गंमत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे भर दुपारी उभ्याउभ्या चालणारा हा खेळ. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि लुगडं नेसलेला नाच्या. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की त्याला दुय्यम म्हणायचं. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही की सगळ्या गावासमोर फजिती.

शाहिरांनी जवानी या दुय्यमांत घालवली आणि मग शहरात, हुडकेश्वरला येऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की टाकली. आमच्या गल्लीतल्या बायांना शंका, की हा माणूस दळणातून पीठ काढतो. ह्या माणसाला शंका, की बाया घरी जाऊन पीठ मोजतात. दोघांच्याही शंकेत तथ्य असावं. पण मी दळणाला जायचे ती त्यांचा आवाज ऐकायला. चक्की घरघरत असायची, पट्टा फटफटत असायचा, आणि त्या सगळ्याच्या वरून हा माणूस गात असायचा. माईक नाही, काही नाही. आमच्या गिटारवाल्याला मी गव्हाचा डबा देऊन मुद्दाम तिथे उभं केलं. तो परत आला तो डबा तिथेच विसरून.

एवढा संशयी माणूस आमच्यासारख्या पोट्ट्यांच्या बँडमध्ये आला कसा, हे लोक अजून विचारतात. आला त्याचं कारणही संशयच. त्यांनी आमची तालीम ऐकली. ऐकताना कानात बोटं होती, पण पूर्ण ऐकली. मग बोटं काढून विचारलं, "ह्या आवाजात कोणाले शब्द समजते का?"

"नाही हो काका, फारसे नाही," गिटारवाला ओशाळून म्हणाला.

"मंग जमते," शाहीर म्हणाले. "इथं कोणी चोरू नाही शकत."

तालीम चक्कीतच व्हायची, चक्कीच्या सुट्टीच्या दिवशी. आत पाय ठेवला की सगळ्यांचे मोबाईल जमा. ते एका रिकाम्या पिंपात टाकायचे, वर झाकण, आणि झाकणावर शाहीर स्वतः बसायचे. "मोबाईल ऐकते," हे त्यांचं ठाम मत. गिटारवाला कंप्युटरच्या नोकरीत. तो एकदा त्यांना शास्त्र समजवायला गेला आणि मध्येच गप्प झाला. आदल्या दिवशी त्याच्या आईने घरात मिक्सर बिघडल्याचं नुसतं म्हटलं होतं आणि याच्या फोनवर मिक्सरच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या. त्यानंतर तो सगळ्यात आधी मोबाईल काढून द्यायचा. घरी जाताना आमचे फोन पिठाने पांढरेफटक असायचे.

डफ वाजवताना हातावर दुपट्टा. बोटं कुठे पडतात ते कोणाला दिसू नये म्हणून. अहो, पण आमच्यात डफ वाजवणारं दुसरं होतंच कोण? "आज नाही, उद्या होईन," शाहीर म्हणायचे. आणि तालमीत शब्द खोटे! सगळी चाल तीच, पण शब्द भलतेच, कधी भाज्यांची नावं, कधी गल्लीतल्या लोकांची. खरे शब्द थेट स्टेजवर. पहिल्या कार्यक्रमात मी इतकी दचकले की चार ठोके वाजवायचेच विसरले. कार्यक्रमानंतर भांडायला गेले तर उलट मलाच म्हणाले, "तू दचकली म्हणजे तुले माहीत नव्हतं. म्हणजे गाणं फुटलं नाही."

आणि तो लूपरचा किस्सा. लूपर म्हणजे पायाने दाबायची एक डबी. ती आवाज धरून ठेवते आणि परत परत ऐकवते. गिटारवाल्याने उत्साहाने शाहिरांची एक ओळ त्यात धरली आणि बटण दाबलं. शाहीर गप्प उभे, आणि त्यांचा आवाज चक्कीत गातोय. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. शाहिरांनी डफ खाली ठेवला. चेहरा उतरला होता त्यांचा, खोटं नाही सांगत.

"काढ त्यातून," ते म्हणाले. "माह्या आवाज वापस दे."

"काका, पुसतो ना, एका मिनटात पुसतो."

"माह्या डोळ्यादेखत पूस. आन् पुसला का नाही ते मले कसं समजन?"

शेवटी गिटारवाल्याने वायर उपटून डबीच त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी नेली, ती नेलीच.

तर अशा माणसाबद्दल मला शंका यायला जरा उशीरच झाला म्हणायचा. आमचं गाजलेलं गाणं होतं एका सवालाचं. "बिन पायाचा आला कोण? बिन तोंडाचा बोलला कोण? सांग शाहीरा, कोण?" ह्या "कोण"वर आम्ही तिघं मिळून असा दणका द्यायचो की पोरं वेडी व्हायची. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये हजार गळे एकदम ओरडायचे, "कोण?" शाहिरांना ते फार आवडायचं. एकदा म्हणाले, "एवढ्या लोकाईनं एकदम इचारलं त देवालेही जवाब देणं भाग हाय." पण चौथं कडवं झालं की ते डफावर थाप मारून थांबायचे. गाणं संपलं.

मौद्याला एका मंडईत आमचा कार्यक्रम झाला. खाली उतरलो तर एक म्हातारा काठी टेकत माझ्याकडे आला. वरच्या आवाजाने तो हैराण झाला होता, पण त्याची तक्रार वेगळीच.

"बाई, तुमच्या शाहिरानं छाप काहून नाही घेतली?"

"कसली छाप, बाबा?"

"शेवटल्या कडव्यात शाहिराचं नाव राह्यते ना! ज्यानं गाणं बांधलं त्याचं. तेच खाल्लं त्यानं."

मी तशीच शाहिरांकडे गेले. ते डफ पिशवीत घालत होते. "काका, ह्या गाण्याला पुढे कडवं आहे का?"

"नाही," शाहीर म्हणाले. "गाणं इथंच संपते." आणि पिशवीची गाठ त्यांनी उगाचच पुन्हा सोडून पुन्हा मारली.

तिथे माझ्या डोक्यात किडा शिरला. दुनियेला चोर म्हणणारा हा माणूस स्वतःच चोर तर नाही? शेवटच्या कडव्यात दुसऱ्या कोणाचं नाव असेल म्हणूनच ते गाळतो. मग मी त्यांची बाकीची गाणी आठवून पाहिली. एकाही गाण्यात छाप नाही! सगळी तोडलेली. मला तर घामच फुटला, कारण त्याच दिवसांत पुण्याच्या एका कंपनीने आमचा अल्बम काढायचं कबूल केलं होतं. त्यांचा फोन यायचा आणि एकच प्रश्न, गाणी कोणाची? मी शाहिरांना विचारलं तर म्हणाले, "पारंपरिक लिहा." मी म्हटलं वा! डफावरची बोटं झाकणारा माणूस स्वतःच्या गाण्यावर सरळ पाणी सोडतो? मला कोणी खुळी समजू नये.

पुढच्या तालमीला माझा फोन पिंपात गेला आणि घरातला जुना फोन बासच्या पिशवीत चालू राहिला. हो, चोरून. पण तालमीतले शब्द खोटे, हे विसरलेच! भेंडी-वांग्यांचं गाणं घेऊन कोणाला काय विचारणार? म्हणून पुढच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं. ते घेऊन ड्रमवाल्याच्या गाडीवर बसून मौद्याच्या त्या म्हाताऱ्याला गाठलं. त्या दिवशी आमच्या आवाजात त्याला शब्द कळलेच नव्हते; आता फोन कानाला लावून त्याने दोन ओळी ऐकल्या आणि तो म्हणाला, "हे त उकंड्याचं हाय. शाहीर उकंडा. कुहीकडचा. तुमच्या शाहिराचा पक्का दुश्मन. जिथंतिथं दुय्यम लागे दोघायची."

म्हणजे दुश्मनाची गाणी! मला इतका राग आला की ड्रमवाल्याला मी तिथूनच गाडी कुहीकडे वळवायला लावली.

कुहीच्या पुढे एका गावात उकंडारावांचं घर होतं. धान कापून झालेलं, ओसरीत पोती लागलेली. उकंडाराव खाटेवर पडून. अंगाची एक बाजू गेलेली, वाचा गेलेली. डोळे मात्र लखलखीत. त्यांची सून सूप बाजूला ठेवून उठली. "मामाजीले ऐकू येते सगळं," ती म्हणाली. "बोलता नाही येत फक्त."

मी गाणं लावलं. आमची गिटार ओरडली तशी अंगणातली कोंबडी उडाली. मला वाटलं, म्हातारा घाबरेल. पण त्यांचा चांगला हात खाटेच्या लाकडावर पडायला लागला. डफाच्या बरोबर. "कोण?" आलं की ओठ हलायचे. चौथं कडवं संपलं, शाहिरांची थाप आली, आणि उकंडारावांचा हातही नेमका तिथेच थांबला. ते अर्ध्या तोंडाने हसले.

"बघा, तुमचं नावच घेतलं नाही!" मी म्हटलं. माझा पारा चढलेलाच होता.

सून माझ्याकडे बघतच राहिली. "कसं घेतीन वं बाई? मामाजी हायेत ना अजून."

मग तिने मला समजावलं. दुय्यमात समोरच्याचे सवाल पाठ करावेच लागतात, त्याशिवाय तोडणार कसे? सराव करताना ते गायचे, पण शेवटचं कडवं गाळून. ज्याची छाप त्यानेच घ्यायची. तो माणूस जिवंत आहे तोवर दुसऱ्याने डफावर त्याची छाप घेतली, तर त्याचा अर्थ तो मेला. ते कडवं तिने मला नुसतं बोलून दाखवलं, खाली मान घालून:

"उकंडा म्हणे, सवाल टाकून
इथंच बसलो थांबून गा,
तुह्या डफाचा जवाब आला
मंग घराकडं जाईन गा."

"ते येतात इथं," ती पुढे म्हणाली. "तुमचे शाहीर. येतात, खाटेपाशी बसतात, पाहात राह्यतात. बोलत नाहीत. पह्यलेही नव्हते बोलत एकमेकाशी, जे बोलले ते डफावर. आन् आमच्या घरचं पाणी नाही पीत अजून. आपली बाटली घेऊन येतात." ड्रमवाला हसला. मला हसू आलं नाही.

परत आल्यावर शाहिरांना काही सांगायची गरजच पडली नाही. चक्कीत पाऊल टाकलं तशी त्यांनी पट्टा बंद केला. "कुहीले गेली होती ना?"

"गेले होते."

"तुले वाटलं मी चोर हाय."

"हो, वाटलं."

"बेस झालं," शाहीर म्हणाले, आणि मनापासून खूश दिसले. "मी म्हणत होतो, हे पोट्टी सगळ्यावर भरवसा ठेवते, हिचं कसं होईन."

"पण काका, तुमची स्वतःची गाणी कुठे आहेत? ती का नाही म्हणत?"

"माह्ये सगळे जवाब हायेत वं. त्याच्या सवालावर बांधलेले. सवाल लोकाईले माहीत नाही त जवाब कोणाले देऊ?" थोडा वेळ ते चक्कीच्या तोंडाला चिकटलेलं पीठ खरवडत राहिले. मग आवाज एकदम खाली आणला. "आन् तुले सांगतो. मले डाउट हाय. तो नाटक करून राहिला."

"कोण? उकंडाराव?"

"लकवा-बिकवा काही नाही त्याले. मी त्याले वळखतो. एकदा तापानं फणफणला म्हणून झोपला होता, आन् मी बेफिकीर राह्यलो त दुपारी येऊन असा सवाल टाकला का माह्यी बोलती बंद. तो पडून पाहून राहिला, मी गाफील होतो का. मी जातो तवा तो मुद्दाम डोळे मिटते. एक दिवस उठते का नाही पाह्य."

डॉक्टर, दवाखाना, सून, सगळं त्यांच्या लेखी त्या नाटकात सामील होतं. आणि ते जे सांगत होते त्यावर त्यांचा इतका पक्का विश्वास होता की मलाही क्षणभर वाटलं, उठेलच म्हातारा.

मी मोठ्या आनंदाने कंपनीला कळवलं की गाणी शाहीर उकंडा यांची. कंपनीतला माणूस माझ्याहून खूश. आणि मग त्याने छापेबद्दल ऐकलं. म्हणाला, कवीच्या नावाचं कडवं हवंच, त्याशिवाय गाणं अर्धवट, तेच तर खरं सोनं. ते रेकॉर्ड करा, नाहीतर अल्बम राहू द्या.

चक्कीत त्या दिवशी जे भांडण झालं ते गल्लीने ऐकलं. गिटारवाला रडकुंडीला आला. त्याने नोकरीतून सुट्ट्या काढून वर्षभर हे गाणं घासलं होतं. "काका, तुम्ही नका म्हणू, मी म्हणतो. मला तुमचे नियम लागू नाहीत."

"डफ माह्या हाय," शाहीर म्हणाले. "माह्या डफावर नाही."

"अहो, त्यांचंच नाव होणार आहे!" मी ओरडले. "जिवंतपणी त्यांना ऐकू येईल. आपण जाऊन विचारू. हात उचलून हो म्हणतील ते."

"इचाराचा सवाल नाही वं. ते कडवं त्याची जागा हाय. मी तथी उभा राह्यलो आन् तो उठून आला, त तो कुठं उभा राहीन?"

अल्बम गेला. गिटारवाला दोन महिने तालमीला आला नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. एका खाटेवर पडलेल्या माणसासाठी उभ्या असलेल्या तिघांची वर्षं पाण्यात घालायची, याला काय म्हणायचं? तो राग मी शाहिरांना तोंडावर बोलून दाखवला. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जरा दम धर. त्याचं नाटक किती दिवस चालते तेच पाहू."

गिटारवाला परत आला, कारण असा आवाज दुसरीकडे मिळत नाही. पुन्हा कार्यक्रम सुरू झाले. असंच एका कॉलेजच्या मैदानावर दुपारचं गॅदरिंग होतं. शाहीर उशिरा आले, थेट स्टेजच्या पायरीशी. कोणाशी बोलले नाहीत. त्यात काही नवल नव्हतं. कार्यक्रमाआधी ते तसेही सगळ्यांकडे वाकड्या नजरेनेच बघायचे.

गाणं सुरू झालं. पोरांनी "कोण?" म्हणून मैदान डोक्यावर घेतलं. चौथं कडवं संपलं. ड्रमवाल्याने शेवटचा घाव घातला, मी तारांवर हात ठेवला, पोरं टाळ्या वाजवायला लागली. आणि डफ थांबलाच नाही.

गिटारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळेना. ड्रमवाला माझ्याबरोबर कुहीला आलेला होता, त्याने दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या. मैदानातला गलका हळूहळू बसत गेला, आणि त्या शांततेत, चक्कीच्या घरघरीवरून यायचा तोच आवाज आला, "उकंडा म्हणे..."

पूर्ण कडवं त्यांनी म्हटलं, एकही शब्द न बदलता. आम्ही कोणी काही वाजवलं नाही. मग त्याच सुरात त्यांनी जवाब घेतला. त्यांचा स्वतःचा, आम्ही कधीच न ऐकलेला. पोरांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण कोणी ओरडलं नाही. जवाब पुरा करून, स्वतःची छाप न घेताच त्यांनी डफ खाली ठेवला.

मी त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरले. ते मैदानाच्या कडेला पालथ्या टाकलेल्या खुर्च्यांच्या गठ्ठ्यावर टेकले होते.

"केव्हा?" मी विचारलं.

"सकाळी." मग ते म्हणाले, "तुह्या कंपनीले सांगजो. आता घ्या म्हणा ते कडवं. आता कोणीबी म्हणू शकते."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"सून रडून राहिली होती, सारं गाव जमलं होतं. तरी मले डाउटच होता वं," शाहीर म्हणाले. "मंग मी हात लावून पाह्यला. नाकापाशी बोट धरलं. लय येळ धरलं. नाटक नव्हतं."